दोष यंत्राचा नव्हे, दिवाणखान्याचा!

दुकानात गोड वाजलेला स्टीरिओ घरी आणला की तसा वाजत नाही, ही तक्रार आपल्या मध्यमवर्गीय संसारात आता गुडघेदुखीइतकी सार्वत्रिक झाली आहे. आणि गुडघेदुखीवर जसा भेटेल तो औषध सांगतो, तसा याही दुखण्यावर सांगतो. एक म्हणतो, अ‍ॅम्प्लिफायर बदला. दुसरा म्हणतो, अ‍ॅम्प्लिफायर ठीक आहे, वायरी बदला. तिसरा नुकताच परदेशातून परतलेला असतो. तो काहीच न बोलता नुसता कीव आल्यासारखा हसतो. पण 'ते स्पीकर आधी त्या काचेच्या कपाटावरून खाली उतरवा' असे सांगणारा वैद्य काही भेटत नाही. कारण उघड आहे. या औषधाला पैसे पडत नाहीत. आणि ज्याला पैसे पडत नाहीत अशा औषधावर घेणाऱ्याचा विश्वास नसतो, व विकणाऱ्याचा त्यात फायदा नसतो.

म्हणून हे बिनफायद्याचे काम मी अंगावर घेतले आहे. माझे म्हणणे आरंभीच, आडपडदा न ठेवता, सांगून टाकतो. आपल्या बहुसंख्य घरांत बिघडलेले असते ते यंत्र नव्हे. बिघडलेला असतो तो दिवाणखाना. आणि दिवाणखाना बिघडला आहे याचे कारण असे, की तो आपण ऐकण्यासाठी मांडतच नाही. तो पाहण्यासाठी, किंबहुना पाहुण्यांनी पाहण्यासाठी मांडतो. त्या मांडणीत गाण्याचे यंत्र म्हणजे पितळी समईसारखी एक शोभेची वस्तू. शोभेच्या वस्तूने शोभा द्यावी, गाण्याचा हट्ट धरू नये, असाच आपला एकंदर कारभार आहे.

डोळ्यांसमोर आणा असा एक दिवाणखाना. खाली आरशासारखी चकचकीत फरशी. एका भिंतीला काचेच्या सरकत्या दारांचे शोकेस. त्यात बाहुल्या, चषक, कुणाच्या तरी लग्नात मिळालेला काचेचा ताजमहाल. समोरच्या भिंतीला टेकवलेला सोफा. शोकेसच्या डोक्यावर, छताशी सलगी करीत बसलेला एक स्पीकर, आणि दुसरा? दुसरा तिथे मावला नाही, म्हणून सोफ्यामागे जमिनीवर, कुंडीच्या आडोशाला. खिडक्यांना पडदे आहेत, पण वारा लागला की उडणारे. भिंती गुळगुळीत, नुकताच रंग दिलेल्या. पाहणाऱ्याने 'वा!' म्हणावे असे सारे आहे. ऐकणाऱ्याने काय म्हणावे, हा प्रश्न मांडणाराच्या मनातही आलेला नाही.

माझ्या एका स्नेह्यांनी सहा वर्षांत तिसरा स्टीरिओ घेतला. दाखवायला मला मुद्दाम बोलावले. चहा झाला, गाणे लागले.

"कसा वाटतो?" त्यांनी विचारले.

"सांगतो. पण कुठे बसून ऐकू?" मी विचारले.

"अहो, कुठंही बसा! घर आपलंच आहे."

या 'कुठंही बसा'मध्ये सगळ्या रोगाचे निदान आहे. माणूस आतिथ्यशील होता यात शंका नाही. पण नाटकाला जाताना हाच गृहस्थ तिसऱ्या रांगेतली मधली खुर्ची मिळावी म्हणून सकाळी सातला रांगेत उभा राहतो. तिथे त्याला कुठेही बसून चालत नाही. घरात मात्र लाखभर रुपये खर्चून आणलेले गाणे त्याने कुठेही बसून, कुठेही ठेवून, कसेही ऐकायचे ठरवले आहे. आणि मनासारखे ऐकू आले नाही, की तो यंत्राला शिव्या देऊन चौथे यंत्र बघायला निघतो. दुकानदाराने त्याला सांगितले होते म्हणे, की 'साहेब, वरचं मॉडेल घेतलं असतंत तर ही तक्रार आली नसती.' वरच्या मॉडेलच्या वरही एक मॉडेल असते, हे सांगायला दुकानदार विसरला असावा.

स्टीरिओ म्हणजे मुळात काय, हेच आपण विसरलो आहोत. दोन डबे म्हणजे स्टीरिओ नव्हे. १९३१ साली अ‍ॅलन ब्लुमलाइन या अठ्ठावीस वर्षांच्या इंग्रज अभियंत्याने या कल्पनेच्या पेटंटासाठी अर्ज केला. बोलपटात नट पडद्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो, पण त्याचा आवाज मात्र एकाच जागेवरून येतो, ही विसंगती त्याला खटकली असे सांगतात. माणसाला दोन कान आहेत. दोन्ही कानांवर पडणाऱ्या आवाजात वेळेचा आणि जोराचा जो सूक्ष्म फरक असतो, त्यावरून आवाज कुठून आला हे मेंदू ठरवतो. तो फरक दोन स्पीकरांच्या मार्फत पुन्हा निर्माण केला, तर समोरच्या मोकळ्या हवेत, जिथे एकही यंत्र नाही अशा जागी, गाणारा बसलेला ऐकू येईल! हा खरा स्टीरिओ. मध्ये गायक, त्याच्या एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला पेटी, मागे तंबोरा. आणि स्पीकर दिसत असूनही नसल्यासारखे. तबकड्यांच्या रूपाने ही किमया बाजारात यायला १९५८ साल उजाडले. आणि आपण त्या किमयेतला अर्धा भाग शोकेसवर आणि अर्धा कुंडीमागे ठेवून दिला.

ही किमया साधण्याची अट एकच, आणि ती शाळकरी मुलालाही समजेल अशी आहे. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण झाला पाहिजे. दोन स्पीकरांत सात फूट अंतर असेल, तर ऐकणाऱ्यापासूनही प्रत्येक स्पीकर सातेक फुटांवर असावा. बारीक आवाज काढणारा जो छोटा ट्वीटर असतो, तो बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर यावा. कारण वरच्या पट्टीतला आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो, तो छताकडे रोखला तर त्याचा लाभ पालीला होतो. दोन्ही स्पीकर मागच्या भिंतीपासून फूट-दोन फूट पुढे असावेत आणि कोपऱ्यात तर मुळीच नसावेत. कोपरा हा निसर्गाने बनवलेला कर्णाच आहे. त्यात ठेवलेला स्पीकर डग्ग्याचा आवाज एवढा फुगवतो, की तबलजी तबला वाजवतो आहे की गादी झोडपतो आहे, हे कळू नये.

हे झाले बसण्या-ठेवण्याचे. आता खोलीकडे वळू. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली एक नवे व्याख्यानगृह निरुपयोगी ठरले होते. बोललेला शब्द तिथे साडेपाच सेकंद घुमत राही; म्हणजे वक्त्याचे एक वाक्य संपेपर्यंत आधीच्या वाक्याची भुते त्याच्याभोवती नाचत. ही अडचण दूर करण्याचे काम वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकावर सोपवण्यात आले. त्याने काय केले? नवा वक्ता आणला नाही. शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, त्या या दालनात पसरल्या, ऑर्गनची एक नळी वाजवली, आणि आवाज विरायला किती वेळ लागतो हे घड्याळ लावून मोजले. गाद्या वाढवल्या की निनाद कमी. अशा कित्येक रात्रींच्या खटाटोपातून त्याने एक सूत्र काढले. १९०० साली उघडलेले बोस्टनचे प्रख्यात सिंफनी हॉल याच सूत्राच्या आधारावर बांधले गेले, आणि जगातल्या उत्तम संगीतगृहांत त्याची आजही गणना होते. एका शास्त्राचा पाया, वाचकहो, गाद्यांवर घातला गेला आहे!

सॅबिनने आवाज शोषण्याचे जे माप वापरले तेही घरगुतीच आहे: उघडी खिडकी. खिडकीतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही. म्हणून एक चौरस फूट उघडी खिडकी म्हणजे एक चौरस फूट संपूर्ण शोषण. या मापाने आपला पंधरा फूट लांब, बारा फूट रुंद, दहा फूट उंच दिवाणखाना मोजून पाहू. त्याच्या सहाही पृष्ठांचे क्षेत्रफळ होते नऊशे चौरस फूट. फरशी आणि रंगवलेली भिंत आवाज जवळजवळ जसाच्या तसा परत फेकतात. शंभरातले तीन भाग शोषले असे धरले, तर सबंध रिकामी खोली मिळून केवळ सत्तावीस चौरस फूट खिडकीचे काम करते. सूत्रात हे आकडे घाला. निनाद सुमारे सव्वातीन सेकंद येतो! सामानसुमान आले, की तो अर्थातच खाली उतरतो. पण घरच्या ऐकण्याला अर्धा सेकंद पुष्कळ झाला. आणि तिथवर यायला एकशेऐंशी चौरस फूट शोषण हवे. ते काच, फरशी आणि चिनी मातीचे हत्ती यांच्याकडून कसे मिळणार? गायकाने घेतलेली जलद तान अशा खोलीत स्वतःच्याच शेपटीवर पाय देत धावते. दाणेदार तान म्हणून आपण जिचे कौतुक करतो, तिचे दाणे खोलीत एकमेकांना चिकटून त्यांची खीर होते. आणि मग आपण म्हणतो, 'मशीनला क्लॅरिटी नाही!'

आपल्या आजोबा-पणजोबांना सॅबिन ठाऊक नव्हता. पण त्यांच्या वाड्यातली बैठक आठवा. खाली जाजम, त्यावर गाद्या, भिंतीला टेकवलेले लोड आणि तक्के, डोक्यावर कडीपाटाचे लाकूड, दारांना जाड पडदे, भिंतीत कोनाडे. आवाज शोषणारे आणि आवाज विखुरणारे सगळे साहित्य तिथे होते; नव्हती ती फक्त काच. त्या बैठकी मांडणाऱ्यांनी शास्त्र म्हणून हे केले असा माझा दावा नाही; पण गाणे ऐकायला माणसे जमणार आहेत ही गोष्ट गृहीत धरून ती खोली सजत असे, एवढे निश्चित. आपण तक्के काढले, शोकेस आणले, जाजम गुंडाळून माळ्यावर टाकले. आणि वर म्हणतो, की जुन्या बैठकीची मजा आता राहिली नाही. कशी राहील? ती माळ्यावर आहे.

गाद्यांनी खोलीच्या सगळ्या खोड्या मोडतात असेही नाही. खर्जाची गोष्ट वेगळी आहे. खोलीच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये काही ठरावीक स्वर अडकून पडतात. झोपाळ्याला त्याच्या ठेक्यात धक्का दिला की तो जसा चढत जातो, तसे हे स्वर चढतात. आवाज सेकंदाला सुमारे अकराशे तीस फूट जातो. त्या हिशेबाने पंधरा फुटांत सेकंदाला ३८ कंपनांचा स्वर अडकतो, बारा फुटांत ४७चा, दहा फुटांत ५६चा. आणि त्यांच्या पटींतलेही. तिन्ही मापे वेगवेगळी असली, की हा त्रास तीन जागी वाटला जातो. पण मुंबई-पुण्याच्या इमारतींत दहा बाय दहाची खोली आणि उंचीही दहाच असली, की तिन्ही बाजू एकाच स्वरावर तुटून पडतात. चौकोनी डबा ही ऐकण्याला सर्वांत वाईट खोली, आणि तीच आपल्या वाट्याला सर्वांत अधिक येते. अशा खोलीत भिंतीला टेकून बसले तर तो खर्ज अंगावर येतो, अगदी मधोमध बसले तर तोच नाहीसा होतो. यावर उपाय काय? तीन खेळ्यांचे बुद्धिबळ: सोफा भिंतीपासून दीड फूट पुढे ओढा, स्पीकर थोडे पुढे-मागे करा, आणि जिथे डग्गा मोकळा बोलतो तिथे थांबा. एका दुपारचे काम आहे, आणि लागणारे हत्यार म्हणजे एक धाकटा भाऊ.

पण एवढी साधी गोष्ट आपण करीत नाही, कारण तेवढ्यात बाजार आपल्याला गाठतो. त्याने आपल्याला वॅटची भाषा शिकवली आहे. एकेकाळी तर 'पी. एम. पी. ओ.' असे मंत्राक्षर छापून, भाकरीच्या डब्याएवढ्या यंत्रावर हजार-हजार वॅट लिहिलेले असत. ते विजेचे माप नव्हते, विक्रेत्याच्या धिटाईचे होते. खरे गणित असे आहे, की आवाज कानाला दुप्पट वाटायचा असेल तर शक्ती जवळजवळ दसपट लागते. पन्नास वॅटचे यंत्र टाकून शंभर वॅटचे आणणाऱ्याला आवाजात जेमतेम ओळखू येईल एवढाच फरक मिळतो. मिळतो तो फरक बिलात. घरातले बहुतेक गाणे एक-दोन वॅटांतच होते. उरलेले वॅट वरातीसाठी राखीव असतात.

त्याहून पोचलेला मंत्र वायरींचा. हजारो रुपये मीटर अशा भावाने स्पीकरच्या वायरी विकल्या जातात. त्या कुठल्या दिशेने जोडायच्या याचे बाण त्यांच्यावर काढलेले असतात. आता हिशेब पाहा. कोपऱ्यावरच्या विजेच्या दुकानात मिळणारी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची साधी वायर पाच मीटर घेतली, तर जाऊन-येऊन तिचा विरोध भरतो साधारण सात-शतांश ओहम. स्पीकर असतो आठ ओहमचा. म्हणजे वायरीचा वाटा शंभरात एकाहूनही कमी! त्या एका भागासाठी माणूस महिन्याचा पगार मोजतो, आणि खोलीत सव्वातीन सेकंद घुमणाऱ्या निनादासाठी एक सतरंजी अंथरत नाही. याला हौस म्हणतात, हे मला मान्य नाही. याला फसवणूक करून घेण्याची तयारी म्हणतात. भिंतींना अंड्यांचे कागदी ट्रे चिकटवणारे दुसऱ्या टोकाचे. त्या ट्रेंनी खर्ज शोषला जात नाही. मधल्या आवाजावर थोडा परिणाम होतो, आणि घराला मात्र कुक्कुटपालन केंद्राची कळा येते.

माझ्यावर आक्षेप येतील ते ठाऊक आहेत. पहिला असा, की मग चांगल्या यंत्राला काहीच अर्थ नाही का? आहे. स्पीकर बरा असावाच लागतो. पोस्टकार्डाएवढ्या डबीतून डग्गा यायचा नाही. तबकडी वाजवणाऱ्याची सुई झिजलेली असेल तर ती गाणे तर बिघडवतेच, वर खोबणीही कोरून काढते. आणि जुन्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्यांना लाँग प्लेची बारीक सुई चालत नाही, रुंद टोकाची निराळी लागते. हे खर्च योग्य आहेत. माझा झगडा क्रमाशी आहे. आधी जागा, मग जोडणी, मग खोली, आणि सर्वांत शेवटी पाकीट. आपण हा क्रम नेमका उलटा चालवतो.

दुसरा आक्षेप नव्या पिढीचा: आता मायक्रोफोन लावून खोली मोजणारी आणि आवाज आपोआप दुरुस्त करणारी यंत्रे निघाली आहेत, गाद्या कशाला? ही यंत्रे फुगलेला खर्ज दाबू शकतात, हे खरे. पण खोलीने गिळलेला स्वर ती परत आणू शकत नाहीत. तिथे जेवढा जोर लावाल तेवढा तोही गिळला जातो. आणि भिंतीवर आपटून परत येणारा आवाज कुठल्याही गणिताने थांबत नाही. तो गोधडीने थांबतो.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना आणि सर्वांत खोटा: 'आम्हांला कुठे एवढं कळतंय!' ही आपली नम्रता नव्हे, आळस आहे. नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेत बसून 'पंचम जरा उतरला हं' असे शेजाऱ्याला सांगणारा समाज आहे हा. त्याला स्वतःच्या घरात तंबोरा ऐकू येत नाही हे कळत नाही? कळते, पण त्याची समजूत अशी, की तंबोरा पैशांनीच ऐकू येतो.

आता उपाय, क्रमवार. एखादे जुने नाट्यगीत लावा. बालगंधर्वांचे लावलेत तर उत्तम. ते ध्वनिमुद्रण स्टीरिओच्या आधीचे, म्हणजे दोन्ही स्पीकरांतून अगदी एकच आवाज येणार. त्रिकोणाच्या टोकावर बसून डोळे मिटा. गाणारा दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये बसलेला ऐकू आला पाहिजे. तो एका बाजूला सरकला असेल तर त्रिकोण वाकडा आहे. तो कुठेच नसेल, आवाज हवेत विरघळल्यासारखा आणि खर्ज हरवलेला असेल, तर एका स्पीकरची लाल आणि काळी वायर उलटी जोडली गेली आहे. ती सुलटी करा. ही एवढी चूक मी जितक्या घरांत पाहिली आहे, तितक्या घरांत विजेचे मीटरही धड पाहिले नसेल! मग खोलीच्या मधोमध उभे राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे 'टर्रर्र' अशी शेपटी ऐकू आली, तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती चेंडू खेळत आहेत. त्यांतल्या एकीवर जाड पडदा सोडा, किंवा पुस्तकांचे कपाट उभे करा. पुस्तके आवाज विखुरतात. वाचली नाहीत तरी विखुरतात. स्पीकर आणि आपण यांच्यामधल्या फरशीवर जाड सतरंजी, तिच्याखाली एक गोधडी. स्पीकर शोकेसवरून उतरवून भक्कम स्टुलावर. आणि रात्री हळू लावल्यावर गाणे पोकळ वाटले तर घाबरू नका. तो दोष कुणाचाच नाही. हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली मोजून दाखवले आहे. 'लाउडनेस' नावाचे बटन त्याच वेळेपुरते असते. आपण ते बारा महिने दाबून ठेवतो.

इतक्या तावातावाने हे सारे का सांगायचे? गोधड्या आणि स्टुले यांचा हा प्रश्न असता, तर मी दिवाळी अंकाची पाने अडवली नसती. गोमांतकातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर ताऱ्यांच्या दिशेने गेला. त्या सोनेरी तबकडीसोबत सुई दिली आहे, तबकडी कशी वाजवायची याची चित्रे आवरणावर कोरली आहेत. न पाहिलेल्या, असतील की नसतील अशा श्रोत्यांसाठी माणसाने एवढी काळजी घेतली. आणि त्याच केसरबाईंची भैरवी ज्या घरात आजोबांच्या पेटीत जपून ठेवलेली आहे, तिथे ती कुणी लावली की दोन मिनिटांत कुणीतरी म्हणते, 'बंद करा हो, नुसता गोंगाट होतोय.' खोली गोंगाट करते, आणि शिक्षा गाण्याला होते. मुलांची अशी समजूत होते, की जुने गाणे म्हणजे खरखर आणि घुमणे. मग ती कानांत बोंडे घालून आपापल्या कोपऱ्यात जातात. कानाच्या बोंडांना खोलीचा त्रास नाही, हे खरे. पण त्यांना घरही नाही. एकाच छताखाली चार माणसे चार गाणी ऐकत बसतात, आणि 'वा!' म्हणायला शेजारी कुणी नसते. ज्या दादेसाठी गवई रात्र जागवीत, ती दाद घरातून गेली, तर यंत्र कितीही किमतीचे असो, ते कुणासाठी वाजणार?

इथे सॅबिनचे सूत्र आपल्या बाजूने एक सुंदर साक्ष देते. बसलेला माणूस हा स्वतः एक उत्तम शोषक आहे. एकेक माणूस चारपाच चौरस फूट खिडकीचे काम करतो. दहा माणसे खाली सतरंजीवर दाटीवाटीने बसली, की चाळीस-पन्नास चौरस फूट शोषण फुकटात मिळाले! म्हणजे घरातली माणसे एकत्र बसली की गाणे चांगले वाजते, हा भावनेचा उद्गार नसून पदार्थविज्ञानाचा निष्कर्ष आहे. असे सूत्र सांगणारे दुसरे शास्त्र मला माहीत नाही. त्रिकोणाचे टोक एकालाच मिळणार, हे खरे. ते घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला द्यावे. बाकीच्यांनी त्याच्या मागे-पुढे बसावे. जुन्या बैठकीतही हेच होत असे.

दिवाळीच्या साफसफाईत शोकेस हलते, सोफा ओढला जातो, माळा उपसला जातो. वर्षातून एकदाच घरातली प्रत्येक वस्तू आपल्या जागेवरून उठते. ती परत त्याच जागी ठेवण्याआधी क्षणभर थांबा. माळ्यावरचे जाजम खाली काढा. स्पीकर उतरवा, वायरींचे रंग पाहा, टाळी वाजवा. शोभा कमी होईल अशी धास्ती वाटत असेल, तर आकाशकंदील जरा मोठा आणा. आणि नवा स्टीरिओ घ्यायला निघालेल्या गृहस्थांना माझे हात जोडून सांगणे आहे: पैसे खिशातच राहू द्या, आणि आधी आपला सोफा दीड फूट पुढे ओढा.